चिक्केवाडीला गाडी न्यायची आहे? मग हे आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातले चार मित्र, त्यातल्या एकाची आई, एक फोर-बाय-फोर थार आणि एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही. डिसेंबरातल्या एका रविवारी पाटगावमार्गे चिक्केवाडीला जायचं आहे. रांगणा किल्ल्याच्या वाटेवरचं हे गाव ओस पडलंय, रस्ता जंगलातला आणि कच्चा. दोन्ही गाड्या पोचतील का? पावसानंतर रस्ता कधी चालू होतो? आणि तिथं काहीतरी वावरतं म्हणतात, ते कितपत खरं?

आधी सरळ उत्तर देतो. थार पोचेल. दुसरी गाडी पाटगावच्या पुढच्या भटवाडीत एखाद्याला विचारून त्याच्या अंगणाच्या कडेला लावा आणि तिच्यातली माणसं थारमध्ये बसतील तेवढी घ्या (तीन दारांची थार चौघांचीच असते). डिसेंबर चांगला महिना आहे. तिसऱ्या प्रश्नाकडे सावकाश येतो.

आता खुलासा, कारण 'पोचेल' एवढ्या शब्दावर गाडी काढणारे लई आहेत.

कोल्हापूर, बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव असा हा रस्ता. पाटगावपर्यंत डांबर आहे, अडीच-तीन तास धरा. डिसेंबरात पहाटे निघालात तर या डांबरावरच खरी भीती आहे आणि ती कुणी सांगत नाही. उसाचा हंगाम चालू असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, त्यात नदीकाठचं धुकं. कच्च्या रस्त्यावर तुम्ही ताशी दहाच्या वेगानं चालवणार आहात, तिथं चुकलात तर पत्रा वाकेल. इथं चुकलात तर काय होईल ते लिहीत नाही. उजाडेपर्यंत सावकाश या.

टाकी गारगोटीतच भरा. पुढं मोबाइलची रेंज येते-जाते आणि जंगलात शिरल्यावर जातेच. नकाशा आधी उतरवून ठेवा, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. किल्ल्याचं नाव टाकलंत तर फोन कधी कधी कोकणातल्या नारूरकडून वाट दाखवतो. ती चढून यायची पायवाट आहे, गाडीचा तिथं संबंध नाही. जंगलात शिरण्याआधी फोनपेक्षा भटवाडीतल्या माणसाला विचारा, आणि 'रस्ता चांगला आहे का' असं विचारू नका. त्याला 'हाय की' एवढंच उत्तर येतं, कारण तो तिथं चालत किंवा स्प्लेंडरवर जातो. विचारायचं असं: परवा-तेरवा जीप वर गेली होती का? ओढ्यात पाणी किती, गुडघ्याला की घोट्याला? मधे झाड पडलंय का? या तीन उत्तरांवर जायचं का नाही ते ठरतं.

वन खात्याचं बघा. भुदरगड-आजरा पट्ट्यातलं बरंच जंगल 'आजरा-भुदरगड' या नावानं संवर्धन राखीव क्षेत्र झालेलं आहे. पाटगाव भागातल्या वन कर्मचाऱ्यांकडे आदल्या दिवशी चौकशी करा, किती माणसं, कुठली गाडी, कधी परतणार ते सांगून ठेवा. परवानगी लागणार असेल तर घ्या. मुक्काम, चूल, ड्रोन यांतलं काहीही मनात असेल तर ते आधीच विचारून मोकळे व्हा. त्यातही फायदा तुमचाच आहे. संध्याकाळी तुम्ही खाली आला नाहीत तर विचारपूस करणारं कुणीतरी असतं.

आता रस्ता. अंतर आकड्यात फार भरत नाही, पण वेळ त्याच्या मानानं भरपूर जातो. सगळा जांभ्याचा मुलूख. तांबडी माती, तिच्यात सुपारीएवढे खडे, मधे जांभ्याचे उघडे कातळ, ओढ्यांत गोल दगड. माती कोरडी असली की चढावर चाकाखाली हरभरे पसरल्यासारखे खडे सरकतात, आणि ओली असली की चाकाला धरच मिळत नाही. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे जमीन आतून ओलसर आणि वरून सुकलेली. ती साधारण दिवाळी झाल्यानंतर येते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टिकते. म्हणून डिसेंबरला हो म्हटलं. पण आदल्या आठवड्यात अवकाळी झाला असेल तर बेत पुढं ढकला, दुसरा उपाय नाही. या घाटमाथ्याचा पाऊस काय चीज आहे हे रांगण्याला चांगलं माहीत आहे. १७०८ साली शाहू महाराजांनी गडाला वेढा घातला, आत ताराराणींच्या बाजूचे लोक. गड काही मिळाला नाही, पाऊस तोंडावर आला आणि वेढा उठवावा लागला. फौज परत फिरली तिथं तुमच्या-आमच्या गाडीची काय कथा.

मार्चनंतर जाऊ नका असं मी सांगतो. त्याला कारण ऊन नाही. रस्त्यावर पाचोळा वीतभर साचतो, खालचा दगड दिसत नाही. शिवाय वाळल्या गवतावर तापलेल्या सायलेन्सरची गाडी उभी केली की पेट घ्यायला वेळ लागत नाही. सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसाच्याच हातानं लागतात, त्यात आपली भर नको.

तुमची दुसरी गाडी का नको, ते सांगतो. दिसायला ती उंच आहे, नावात एसयूव्ही आहे, पण इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. चढाला लागलं की गाडीचं वजन मागच्या चाकांवर सरकतं, पुढची हलकी होतात आणि जागेवर फिरायला लागतात. चालवणारा घाबरून जास्त रेस देतो, चाक खड्डा खोदतं, क्लच जळल्याचा वास येतो. त्यात घसाऱ्यावर एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक उचललं गेलं की साधं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, सगळी ताकद हवेतल्या चाकाला देऊन मोकळं होतं. थारच्या काही मॉडेलांत मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, ते दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवतं आणि अशा वेळी कामाला येतं. मारुतीची फोर-बाय-फोर जिम्नी हेच काम हवेतल्या चाकाला ब्रेक लावून करते. जमिनीपासूनची उंची थारची २२६ मिलिमीटर आणि जिम्नीची २१० सांगितली जाते. कॉम्पॅक्ट गाड्यांची कागदावरची उंचीही वाईट नसते, पण पाच माणसं आणि जेवणाचे डबे भरल्यावर त्यातली किती उरते ते एकदा घरासमोर वाकून मोजा. बोलेरो भटवाडीकडं रोज दिसते, तीही वर जाते, पण तिच्या स्टिअरिंगमागं बसलेला ड्रायव्हर त्याच मातीतला असतो. ते गणित आपण आपल्याला लावायचं नाही.

चालवण्यातल्या चार गोष्टी सांगतो, बाकी तुम्हाला येत असणारच.

डांबर संपलं की थांबा आणि टायरची हवा बावीस-चोवीस पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते आणि पाठीला बसणारे धक्के कमी होतात. आई सोबत आहेत तर हे आधी करा. अठराच्या खाली नको, टायर रिमवरून सुटायची भीती असते. सिगारेट लायटरवर चालणारा कॉम्प्रेसर सोबत हवाच, कारण परतताना डांबरावर आलात की पुन्हा भरायची आहे. फोर-व्हील कच्च्यावरच लावा. थारला मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळलात की गिअरच्या पेटीवर ताण येतो. मोठा चढ समोर दिसला की तो लागायच्या आधी, सपाटीवर उभं राहून, फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, घ्या. अर्ध्या चढावर दांडा खेचत बसू नका.

पावसाच्या पाण्यानं रस्त्याला दोन खोल चरे पडलेले असतात. चाकं चऱ्यात घातलीत की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि चारही चाकं लटकतात. एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरं कडेच्या वरंब्यावर, असं चालवा. हे आतून दिसत नाही, म्हणून एक जण खाली उतरून पुढं चालू दे. त्यानं समोरून हातानं दाखवायचं, तोंडानं ओरडायचं नाही, आणि दाखवणारा एकच असावा. चौघं चार बाजूंनी 'घे घे, डावी घे, अरे थांब' करायला लागले की गाडी कुठं जाते ते मी पाहिलेलं आहे.

चढावर गाडी बंद पडली किंवा सरकायला लागली, तर ती आडवी करून वळवायचा मोह होतो. गाड्या उलटतात त्या इथंच. ब्रेक दाबून ठेवा, रिव्हर्स टाका, फोर-लोमध्येच, आणि आलात त्याच रेषेत सरळ मागं या. उतारावर पहिला लो गिअर, पाय क्लचवर नाही, ब्रेकवरही अगदी हलका. ऑटोमॅटिक असेल तर पहिल्यात अडकवून ठेवा, उतारासाठी बटण असेल तर ते चालू करा.

ओढा आला की आधी माणूस पाण्यात. पॅण्ट दुमडून, काठी टेकत, चाकं जिथून जाणार त्या दोन्ही रेषांवरून चालायचं. डिसेंबरात पाणी थोडंच असतं, पण पलीकडच्या काठाला पावसानं पायरी पाडलेली असते. गाडी अडकते ती पाण्यात नाही, त्या पायरीवर.

सोबत काय हवं? ओढायचा चांगला दोर, फावडं, कोयता, जॅकखाली ठेवायला लाकडाची जाड फळी, पंक्चरच्या सुया आणि खरोखर पूर्ण मापाचं स्टेपनी. हल्ली पुष्कळ गाड्यांना छोटं तात्पुरतं चाक देतात, ते या रस्त्यावर शोभेचं. दोर बंपरला बांधायचा नाही, हूकलाच. ओढताना दोरावर ओलं पोतं किंवा घोंगडं टाका आणि बघ्यांना लांब उभं करा, कारण तुटलेला दोर कुणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही.

तरीही या सगळ्यावर माझा एकच नियम आहे, आणि माझ्याबरोबर येणारे त्याला कंटाळलेत. गाडी जाईल तिथवर न्यायची नाही, जिथं वळवता येईल तिथवर न्यायची. जंगलातला रस्ता एका गाडीच्या रुंदीचा. पुढं अडलात तर किलोमीटरभर रिव्हर्स, तोही मावळतीला. म्हणून जाताना प्रत्येक रुंद जागा डोक्यात ठेवा. शेवटच्या रुंद जागेपुढं रस्ता मनाला पटला नाही की गाडी तिथंच तोंड फिरवून उभी करा आणि चालत निघा. थारवाल्याला हे पटवणं अवघड जातं, लाख-लाखाचे टायर घातलेले असतात. पण चालत गेलात म्हणून गावाचं काही कमी दिसत नाही. उलट गव्यांचा कळप, शेकरूची घरटी, अस्वलानं उकरलेली वारुळं, हे गाडीतून कुणाला दिसलंय? गवा रस्त्यात उभा असेल तर इंजिन बंद, हॉर्न नाही, वाट बघायची. तो जातो. एकटा नर असेल तर आणखी मागं राहा.

आता गाव.

या पट्ट्यात ओस पडलेल्या वस्त्या अनेक आहेत आणि सगळ्यांची कथा सारखी नाही. चांदोलीत धरण आणि अभयारण्यापायी गावंच्या गावं उठवली. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आज गवत आणि गवे दिसतात, पण तिथं नांदतं गाव होतं. तिथून उठलेली माणसं खालच्या तालुक्यांत जाऊन राहिली, आणि त्यांतल्या अनेकांचं जमिनीचं भांडण अजून मिटलेलं नाही. तिथं आपली गाडी घेऊन मनाला येईल तसं फिरता येत नाही, दुचाकीला तर प्रवेशच नाही, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून सोडल्यापासून तर ते बरंच आहे. भुदरगडकडच्या वाड्या मात्र हळूहळू रिकाम्या झाल्या. रस्ता नाही, वीज नाही, शाळा नाही. आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणायचा. नाचणी पिकवावी तर रात्रीत गवे आणि रानडुकरं चरून जाणार. पोरं मुंबईला, इचलकरंजीला गेली, म्हातारी माणसं मागनं खाली आली. जाताना वासे, दारं, चौकटी, कौलं नेली, कारण नव्या घराला तीच लागणार होती. छप्पर गेलेली मातीची भिंत इथल्या पावसात किती वर्षं टिकणार?

म्हणून गाव शोधताना भिंती शोधू नका, झाडं बघा. जंगलात मधेच फणस, आंबा, शेवगा, बांबूचं बेट एकत्र दिसलं की तिथं माणूस राहत होता. मग पायाखालचे दगडी चौथरे दिसायला लागतात. अशाच एका वाडीत मी एक चौथरा निरखून पाहिला होता. ओटीच्या जागी जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, त्यात पावसाचं पाणी आणि त्या पाण्यात बेडकाची पिल्लं. मागच्या अर्धवट भिंतीला चुलीच्या धुरानं धरलेला काळा थर तसाच, आणि त्या थरात बोटाएवढं खुंटीचं भोक. खुंटी नेलेली. भिंतीतली खुंटीसुद्धा काढून नेणारी माणसं गाव हौसेनं सोडून गेलेली नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

यात धोके आहेत ते लक्षात ठेवा. उभ्या मातीच्या भिंतीला टेकून फोटो काढू नका, ती कधी बसेल नेम नाही. जुनी विहीर असेल तर तिच्यावर कारवी आणि वेली चढलेल्या असतात, म्हणून गवतात काठी आपटत, जुन्या पायवाटेवरूनच चाला. दगडांच्या ढिगात हात घालायचा नाही, फुरसं आणि घोणस तिथंच असतात. बूट घोट्याच्या वर हवेत आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते नीट बघा. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतूनच येतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला कळवा. आग्या माशांचं पोळं कड्याला किंवा झाडाला लटकलेलं दिसलं की अत्तर-बित्तर मारलेल्यानं लांबून जावं. धूर आणि आरडाओरडा तर नकोच.

आणि भुतं. रात्री तिकडं जे भुंकल्यासारखं ऐकू येतं ते बहुतेक वेळा भेकर असतं. एकटं हरीण, पण आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याची बोबडी वळते. रातवे आणि घुबडं आहेतच. बाकी, तिथं काही वावरतं असं सांगणाऱ्यात तिथं राहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या माणसांना विचाराल तर ती भुताचं नाही, देवाचं सांगतात. गाव उठतं तेव्हा घरातले देव सोबत जातात, पण गावदेव बहुधा तिथंच राहतो, आणि वर्षातनं एकदा नारळ घेऊन त्याच्याकडं जाणारी घरं असतात. म्हणून अशा जागी चपला घालून देवळाच्या जोत्यावर चढणं, दारू, भुताच्या रिळांसाठी शेंदराच्या दगडाशी चाळे, हे चालत नाही. जातं, पाटा, कौल यांतलं काही 'अँटिक' म्हणून उचलून आणायचं नाही. शक्य असेल तर भटवाडीतला एखादा जाणता गडी सोबत घ्या, त्याचा दिवसाचा रोजगार आधी ठरवून द्या. कुठलं घर कुणाचं, पाणी कुठलं प्यायचं, हे तोच सांगेल.

किल्ल्यावर जायचं असेल तर चिक्केवाडीपासून पुढं तासाभराची चाल आहे. वर रांगणाईचं मंदिर, तळं, दरवाजे, आणि कोकणाच्या बाजूला तुटलेले कडे. शिवकाळात याला प्रसिद्धगड म्हणत. पण एका दिवसात रस्ता, गाव आणि गड तिन्ही नीट होत नाही, आईंना घेऊन तर नाहीच. माझ्या मते गड पुन्हा कधीतरी करा. आईंना थारच्या पुढच्या सीटवर बसवा, मागच्या सीटवर त्यांच्या कमरेचं काही खरं नाही. खडतर तुकड्यावर त्यांना उतरवून कुणाच्या तरी सोबत चालत येऊ द्या, ते जास्त सोपं पडतं. गावात दोन तास पुरे झाले. तीनच्या ठोक्याला परत फिरा म्हणजे उजेडात भटवाडीत उतराल. दिव्याच्या प्रकाशात खड्ड्याची खोली कळत नाही.

खाली आल्यावर पाटगावात मौनी महाराजांच्या मठात जाऊन या. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते असं सांगतात. पाटगावला 'मधाचं गाव' म्हणून ओळख मिळाली आहे, सातेरी माश्यांचा मध तिथं मिळतो. घ्यायचा तर उत्पादकांकडूनच घ्या, वाटेवरच्या बाटल्या नकोत.

टायरमध्ये हवा पुन्हा पूर्ण भरा. गारगोटीला चहाला थांबाल तेव्हा गाडीखाली एकदा वाकून बघा. ब्रेकच्या पाइपात काटकी अडकली आहे का, इंजिनाखालच्या पत्र्यावर पाचोळा साचलाय का, तेल गळतंय का. पाचोळा गरम सायलेन्सरला लागून धुमसतो आणि त्याचा वास मुदाळ तिट्ट्यापर्यंत येत नाही.